चुका निजवणारा गजरा

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि ज्याचा चटकन बसेल त्याने स्वतःची थोडी काळजी करावी. सन दोन हजार एकेचाळीसमध्ये गडहिंग्लजच्या एका हायस्कुलात आठवी 'अ'ची सगळी मुलं डोक्यात गजरे माळून गणिताच्या तासाला बसत. मुली बसत तसे मुलगेही बसत. त्यांच्यात नेसरीच्या एका पैलवानाचा पोरगा होता, मान खांबासारखी; तोसुद्धा आपला गजरा सरळ बसलाय का ते खिडकीच्या काचेत बघून घ्यायचा.

हा गजरा फुलांचा नव्हता. एका कानामागून निघून टाळूवरून दुसऱ्या कानामागे उतरणारी, कळ्यांएवढ्या पांढऱ्या मण्यांची ती एक पट्टी होती. कंपनीने तिला भलंमोठं इंग्रजी नाव दिलं होतं. गावातल्या बायकांनी ती पाहिली, 'गजरा' म्हणाल्या आणि नावाचा विषय तिथेच संपला. मुलग्यांनी सुरुवातीला बंड केलं, म्हणून कंपनीने काळ्या मण्यांची पट्टी काढली. तिलाही लोक काळा गजराच म्हणू लागले.

त्यातलं विज्ञान मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. आपल्या मेंदूच्या पुढच्या भागात, दोन अर्ध्या भागांच्या मधल्या भिंतीला एक छोटी जागा असते. माणूस चुकला की पापणी लवायच्या आत तिथे एक लहर उठते. माणसाला अजून काही कळलेलं नसतं, पण मेंदूला कळलेलं असतं. मग हात थबकतो, पोटात कसंतरी होतं, कान गरम होतात. गजऱ्याचे मणी ही लहर ऐकायचे आणि त्याच क्षणी विजेचा एक अगदी हलका, न जाणवणारा स्पर्श करून ती निजवायचे. समोरच्या पडद्यावर बरोबर उत्तर यायचं आणि लोण्यातून सुरी जावी तसं डोक्यात शिरायचं. आपण आत्ता चुकलो होतो हे पोराला समजायचंही नाही. शरम नाही, रडणं नाही, पोटात दुखणं नाही. 'अ' तुकडीचे मार्क पाहून शेजारच्या तालुक्यातले पालक घर बदलून गडहिंग्लजला येऊ लागले होते.

आठवी 'ब'ला गजरा नव्हता, कारण 'ब'ला हत्तरकी सर होते.

विरूपाक्ष हत्तरकी. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, अंगाने काडी, मिश्या पांढऱ्या, आणि तोंड असं की वडापच्या जीपमध्ये त्यांच्या शेजारी बसलेला माणूस आपला थांबा विसरून पुढे जायचा. गाव त्यांना 'थापाडे सर' म्हणायचं. तोंडावर म्हटलं तरी ते रागवायचे नाहीत. उलट 'बरोबर ओळखलंत' म्हणून चहा पाजायचे.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत तेही चारचौघांसारखंच शिकवायचे. सूत्र फळ्यावर, उदाहरण वहीत, चुकला तर लाल फुली. मग एका सुट्टीत कंटाळा घालवायला म्हणून ते गणिताचा इतिहास वाचायला बसले आणि उठलेच नाहीत. जुने थोर गणिती कुठे कुठे अडखळले ते वाचताना त्यांना धक्का बसला, कारण त्यातल्या कितीतरी चुका त्यांनी आधीच पाहिल्या होत्या. परवाच, वर्गात, तिसऱ्या बाकावर.

पिरॅमिडचं घनफळच घ्या. त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढताना पाया गुणिले उंचीच्या निम्मं करायचं, हे शिकलेलं पोर पिरॅमिडलाही निम्मंच करतं. करायला हवं एक तृतीयांश. दरवर्षी अर्धा वर्ग तिथे घसरतो. आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं ठणकावून सांगणारे आर्यभट, तेही नेमके तिथेच घसरले होते. त्यांनीही निम्मंच लिहून ठेवलंय. म्हणून 'ब'मधल्या सलमा नदाफने निम्मं लिहिलं तेव्हा सरांनी फुली मारली नाही. तिला उभं केलं आणि वर्गाला सांगितलं की ही चूक पंधराशे वर्षं जुनी आहे, फार मोठ्या घराण्यातली आहे, तिच्याशी नीट वागा. मग सलमाला म्हणाले, ती कुठे फसते ते आता तूच शोध. पोरीने पुठ्ठ्याचा पिरॅमिड केला, तेवढ्याच पायाचा आणि उंचीचा खोका केला, आणि पोषण आहाराच्या पोत्यातले तांदूळ भरभरून ओतू लागली. दोनदा ओतून खोका भरेना. तिसऱ्यांदा ओतल्यावर काठोकाठ भरला. स्वयंपाकाच्या मावशी ओरडत आल्या, पण 'ब'मध्ये तो एक तृतीयांश पुन्हा कुणी विसरलं नाही.

माणसाचं मन जिथे पूर्वी अडखळलं, तिथेच ते पुन्हा अडखळतं, असं सरांचं म्हणणं. ज्या शिक्षकाला तो रस्ता माहीत आहे त्याला पोरगं पडायच्या आधी कळतं की आता पडणार; आणि पडल्यावर त्याला हसू येत नाही, ओळख पटते.

आता गोष्टीत थाप कुठे आली? तर सर प्रत्येक गोष्टीत एक थाप बेमालूम मिसळायचे. हे कुणी शोधलं, त्यावरून कोण कुणाशी भांडलं, असं खरंखरं सांगत सांगत मध्येच एक लोणकढी सोडून द्यायचे. वर्गाने ती पकडायची. पकडणाऱ्याने उभं राहून सरांच्या तोंडावर 'थाप' म्हणायचं आणि ती का, ते सांगायचं. कारण सांगता आलं नाही तर पकडणं फुकट. त्यामुळे 'ब'ची मुलं सरांचं बोलणं पोलीस चोराचं ऐकतात तसं ऐकायची.

पण या खेळातली सगळ्यात पटाईत खेळाडू 'ब'मध्ये नव्हती. ती 'अ'मध्ये होती, गजरा माळून. ती सरांची मुलगी, नीलांबिका.

नीलू त्यांना फार उशिरा झालेली. एवढीशी होती तेव्हा सरांनी तिला सांगितलं होतं की चंद्रावर म्हशी पाळतात, म्हणून तो दुधासारखा पांढरा दिसतो. नीलू म्हणाली, "म्हशी काळ्या असतात की ओ." त्या दिवसापासून घरात सरांची एकही थाप धड शेवटाला गेली नाही.

चौथीत तिला बाईंनी विचारलं, सहा भागिले शून्य किती? नीलूने लिहिलं सहा. वाटून घ्यायला कुणीच आलं नाही, मग सहाच्या सहा उरणार. बाईंनी फुली मारली. सरांनी मात्र ऐकून घरात नाचायचंच बाकी ठेवलं. बाराशे वर्षांपूर्वी कर्नाटकात महावीराचार्यांनी हेच उत्तर दिलं होतं! त्यांच्याही आधी ब्रह्मगुप्त म्हणाले होते, शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य. नंतर भास्कराचार्य आले, ते म्हणाले, कुठल्याही राशीला शून्याने भागलं की ती अनंत. तिघे डोंगराएवढे, आणि तिघांच्या तीन तऱ्हा. असा भागाकार करताच येत नाही, तो केला की सगळी अंकांची व्यवस्था कोसळते, हे उमजायला माणसांना शतकं लागली. मग नीलूला एक दुपार लागली तर काय बिघडलं?

"पेपर महावीराचार्य तपासणार आहेत का?" सरांच्या बायकोने विचारलं होतं.

शांभवी सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. दिवसभर माणसांच्या दंडाला रबरी नळी बांधून रक्त काढायचं. भीती कशी दिसते हे तिला सरांपेक्षा जास्त कळायचं. आणि सहावीपासून नीलूच्या तोंडावर ती दिसू लागली होती. संध्याकाळी पप्पांच्या गोष्टीवर खदखदून हसणारी पोर सकाळी गणिताचा पेपर म्हटलं की पांढरी पडायची. पेन्सिल हलायची नाही. एकदा तर ती कोरा पेपर देऊन आली आणि बाथरूममध्ये कडी लावून बसली. गजरे आले तशी शांभवी शाळेत गेली, नीलूची तुकडी बदलून 'अ' करून घेतली, आणि घरी येऊन नवऱ्याकडून वचन घेतलं: तुम्ही तो तिच्या डोक्यावरून काढायचा नाही. काढ म्हणायचं नाही. खुणेनेसुद्धा सुचवायचं नाही.

सरांनी वचन दिलं. थापाडा माणूस वचनाला फार जपतो. त्याच्याकडे खरं असं तेवढंच असतं.

गजऱ्याने नीलूचं दुखणं पळवलं. अंघोळ आणि झोप सोडून तो कायम घालावा असा कंपनीचा सल्ला होता, तो ती पाळायची. मार्क वर गेले, गालावर रंग आला, पेपरच्या सकाळी ती दोन भाकऱ्या खाऊन जाऊ लागली. सरांनाही बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

मग एकदा जेवताना त्यांनी नेहमीसारखी एक सोडून दिली. म्हणाले, नेसरीत आज एका म्हशीने थेट चहाच दिला, आलं घातलेला.

"हो का पप्पा?" नीलू म्हणाली आणि आमटी वाढून घेतली.

सरांनी भाव वाढवला. म्हणाले, त्या म्हशीला आता हॉटेलवाले पळवून न्यायला आलेत, आणि तिने अट घातलीय की मी बिस्किटं देणार नाही. नीलूने मान डोलावली. म्हणाली, बरोबर आहे तिचं.

चेष्टेत म्हणाली असती तर गोष्ट वेगळी होती. पण तिच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती. तिच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. स्वच्छ, शांत, गुळगुळीत. सरांचा घास तोंडातच फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी ते कंपनीच्या ऋजुता पाटणकर नावाच्या इंजिनिअर बाईंकडे गेले. शाळेतल्या गजऱ्यांची देखभाल त्या करायच्या. पोरगेल्या, हुशार, बोलायला सरळ. सरांनी त्यांना एकच गोष्ट विचारली. माणूस स्वतः चुकला की ती लहर उठते, ठीक. पण समोरचा चुकीचं बोलला तर? ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय उठतं?

पाटणकर बाईंनी हातातला गजरा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तीच लहर, सर. जरा लहान असते, पण तीच."

"मग गजरा तिचं काय करतो?"

"त्याला फरक ओळखता येत नाही. तो तीही निजवतो." आणि आपलीच समजूत घातल्यासारखं, "पण सर, वर्गात चुकीचं बोलणार कोण? शिकवतो तो पडदा. पडदा चुकत नाही."

सर घरी आले आणि नवराबायकोचं भांडण झालं. नीलू शेजारच्या खोलीत होती, म्हणून हळू आवाजात झालं, पण त्यामुळे जास्तच लागलं.

"पोर रडत नाही, हे खुपतंय का तुम्हाला?" शांभवी म्हणाली.

"तिला आता काहीच खुपत नाही, ते खुपतंय."

"ताप आला की औषध देतोच की माणूस."

"औषध कसलं? तुम्ही सगळ्यांनी थर्मामीटर फोडलाय, आणि ताप नाही म्हणून पेढे वाटताय. उद्या कुणी तिला काहीही सांगेल, शांभवी. काहीही. आणि ती म्हणेल, बरोबर आहे तुमचं."

शांभवीने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग फार शांतपणे म्हणाली की तुमच्या गोष्टी छान असतात, मलाही आवडतात. पण पेपरच्या सकाळी ती ओकायची तेव्हा तिचं डोकं धरून मी उभी असायची. तुम्ही तेव्हा आर्यभटांना शोधत होतात.

 हे खरं होतं.

थोड्याच दिवसांत वरून पत्र आलं की 'ब'लाही गजरे द्यायचे. मुख्याध्यापक नाईकवाडे भला माणूस. त्यांनी सरांना खोलीत बोलावून, दार लावून, जवळजवळ विनवणीच केली की वर्गशिक्षक म्हणून संमतीची एक सही द्या, माझीही नोकरी शांततेत जाऊ द्या. सरांनी सही केली नाही. नाईकवाडे म्हणाले, बदली होईल. सर म्हणाले, होऊ दे, चंदगडच्या जंगलात अस्वलांना शिकवीन, ती तरी चुकीचं ऐकलं की गुरगुरतात.

शेवटी तपासणीला बोंद्रे नावाचे अधिकारी आले. दोन्ही तुकड्यांना एकच पेपर दिला. 'अ'चे पेपर छापल्यासारखे आले, खाडाखोड नाही, सगळी उत्तरं बरोबर. 'ब'चे पेपर म्हणजे कोंबड्या नाचून गेलेलं अंगण. बोंद्रे साहेबांनी ते दोन बोटांत धरून दाखवले. म्हणाले, हत्तरकी, दर तासाला तुमच्या गोष्टीत वीस मिनिटं जातात. तेवढ्यात 'अ'चा पुढचा धडा होतो.

"होतो की. पण तो धडा खोटा असला तर सांगणार कोण?" सर म्हणाले.

बोंद्रे हसले. तुमची सही नको, म्हणाले, सोमवारी गजरे येतील. विषय संपला.

तेव्हा सरांनी एक मागणं केलं. 'अ'चा एक तास मला द्या. साहेब, तुम्ही बसा, मुख्याध्यापकांना बसवा, पाटणकर बाई गजऱ्यांतल्या लहरींचा आलेख उघडून बसू देत. गजरे डोक्यावरच राहू देत. त्यानंतर मी तोंड उघडणार नाही. जिंकलेल्या माणसाला मोठेपणा परवडतो. बोंद्रे हो म्हणाले.

तास भरला. पालकांचे प्रतिनिधी म्हणून तिघं-चौघं आली होती, त्यात शांभवीही होती, दवाखान्यातून तशीच आलेली, दाराशी उभी. 'ब'च्या मुलांना सरांनी भिंतीला लावून मागे उभं केलं होतं आणि बजावलं होतं की आज तुम्ही पकडायचं नाही. जो हूं की चूं करेल त्याने पुन्हा माझी गोष्ट ऐकायची नाही. नीलू दुसऱ्या बाकावर होती. सरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मग मुद्दाम नजर खिडकीबाहेर लावली. खुणेनेसुद्धा नाही, असं वचन होतं.

सुरुवात त्यांनी खऱ्याने केली. म्हणाले, माणसाला फार पूर्वीपासून एक वेड आहे, मोठ्यात मोठी संख्या बोलायचं. ग्रीक देशात आर्किमिडीज नावाचा माणूस होता. सगळं विश्व वाळूने भरायचं तर किती कण लागतील, ते त्याने मोजून दाखवलं. आपल्याकडे एकं, दहं, शतं करत लोक परार्धापर्यंत गेले, एकावर सतरा शून्यं. जैन पंडितांचं तेवढ्यावर भागेना. त्यांनी संख्यांचे ढीग केले: मोजता येणारे, मोजता न येणारे आणि अनंत. 'अ'ची मुलं ऐकत होती. छान बसली होती, हाताची घडी घालून.

"पण शेवटची संख्या कुणाला सापडली?" सर म्हणाले. "आपल्या नूल गावच्या माणसाला."

मागे 'ब'च्या रांगेत कुणीतरी खोकलं. सलमा नदाफने ओढणी तोंडात कोंबली.

नूलला सिद्रामशास्त्री म्हणून एक होते, सरांनी सांगितलं. ते हिरण्यकेशीच्या काठी एका दगडावर बसले आणि एकपासून मोजायला लागले. ते जेवायला उठले की मुलगा मोजायचा, मुलगा झोपला की नातू. पिढ्यामागून पिढ्या मोजत गेल्या, आणि एका दुपारी पणतूच्या तोंडी शेवटची संख्या आली. त्याने पुढची म्हणायला तोंड उघडलं, तर जीभ वळेना. संख्याच संपल्या होत्या. झाडावरचा कावळा ओरडता ओरडता थांबला. नदीला नमस्कार करून पणतू घरी आला आणि आईला म्हणाला, झालं, वाढ आता.

'ब'ची रांग थरथरत होती. एक जण भिंतीकडे तोंड करून कपाळ घासत होता. पैलवानाच्या पोराने मात्र हात वर करून विचारलं, "सर, ही परीक्षेला येईल का?"

"येईल. तिला महानिःशेष म्हणतात. शेवटचा अंक सात."

मुलांनी लिहून घेतलं. एका मुलीने अदबीने विचारलं की ती सम आहे की विषम. सरांनी सांगितलं, सात शेवटी म्हणजे विषम. तिने तेही लिहिलं. बोंद्रे साहेबांनी खिशातून पेन काढून नाव टिपलं, आणि नाईकवाड्यांच्या कानात म्हणाले की स्थानिक इतिहास आहे, चांगला आहे, पडद्यावर घालायला हवा. साहेबांच्या डोक्यावर गजरा नव्हता. त्यांचं काम त्याच्याविनाच भागलं होतं.

ऋजुता पाटणकर त्यांच्या आलेखाकडे बघत होत्या. सुरुवातीला कुतूहलाने, मग तोंडावर हात ठेवून. सर एक वाक्य बोलले की पडद्यावरच्या सगळ्या रेषा एकदम उसळायच्या. म्हणजे सगळ्या मुलांना कळत होतं. एकूण एक पोराच्या डोक्यात आत कुणीतरी उठून उभं राहत होतं, आणि गजरा त्याला खांदा दाबून खाली बसवत होता. उसळी आणि सपाट. उसळी आणि सपाट. बाईंनी हळूच मान वर केली आणि सरांकडे पाहिलं. सर त्यांच्याकडे बघत नव्हते.

सर सांगतच होते. थांबायची सोय नव्हती. थांबले असते तर सोमवार आला असता. म्हणाले, महानिःशेष सापडल्यावर जगातल्या गणित्यांनी पाट्या फोडल्या. म्हणाले, मोजणारी यंत्रं तिथवर पोचली की बंद पडतात. म्हणाले, नूलच्या त्या दगडाला लोक अजून शेंदूर लावतात. प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा बेशरम होतं, आणि प्रत्येक वाक्यावर तो वर्ग, त्या तालुक्याचा सगळ्यात हुशार वर्ग, मान हलवत होता.

नीलू मान हलवत नव्हती.

तिचा हात कानामागे गेला होता. इतकी कामं एकामागून एक करून गजऱ्याचे मणी कोमट झाले असावेत. तिने कान चोळला. पेन खाली ठेवलं. परत उचललं. काहीतरी आठवत नसलं की माणूस करतो तसं तिचं तोंड झालं होतं, अर्धवट उघडं. पाटणकर बाईंच्या पडद्यावरची एक रेषा उसळून वरच राहिली होती, खाली यायचं नाव घेत नव्हती.

मग नीलूने दोन्ही हातांनी गजरा काढला आणि बाकावर ठेवला.

दाराशी शांभवी एक पाऊल पुढे आली. सरांनी खिडकीची कड घट्ट धरली. पुढे जाऊन पोरीच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्यांना इतकं वाटलं की बोटं पांढरी झाली; पण ते जागचे हलले नाहीत आणि तिच्याकडे वळलेही नाहीत.

कारण गजऱ्याने निजवलेलं सगळंच आता जागं होत होतं. नीलूचा चेहरा पांढरा पडला. पोटाशी हात गेला. डोळे भरले, ओठ थरथरले, कान लाल झाले. ती तीच कोऱ्या पेपरची सकाळ होती, आणि शांभवीला ती दारातूनही ओळखू आली. पोरीने एकदा बाकावरच्या गजऱ्याकडे पाहिलं. मण्यांवर एक बारीक दिवा मिणमिणत होता. हात लांब केला असता तर सगळं परत शांत झालं असतं.

तिने हात लांब केला. त्या हाताने गजरा बाकाच्या टोकाला सरकवला आणि बाकाचाच आधार घेऊन ती उभी राहिली. बोंद्रे साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली. नाईकवाडे तिला बस म्हणाले. ती बसली नाही. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

"थाप," ती म्हणाली. आवाज फुटला, म्हणून परत म्हणाली, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्याने. "थाप मारताय पप्पा तुम्ही. त्या संख्येत एक मिळवला, तर?"